उकंडमामाची साक्ष

जानेफळ

तीर्थस्वरूप उकंडमामास,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितो.

चोरी गेलेल्या सायकलच्या विम्याचा दावा मंजूर झाला, नवी सायकल आली. कुलूप लावल्याचा साक्षीदार नसता तर कंपनीनं छदामही देला नसता. 'कुलूप लावताना मी डोळ्यानं पाह्यलं,' असं तुम्ही लिहून देलं.

मामा, कुलूप घरीच खुंटीवर टांगलेलं होतं. सही करताना तुमची नजर तिकडं गेली. मी खाली पाह्यलं. तुम्ही सही केली.

आता गावच्या भांडणात पंच नेहमीसारखं साक्षीले बोलावते तं तुम्ही म्हणता, "मले दिसत नाही आता."

पण काल बाजारात मी नव्या सायकलवर येऊन राह्यलो होतो, तं दुरूनच वळखून तुम्ही दुसऱ्या गल्लीत वळले.

भाचा म्हणवून घ्याले लाजणारा,
तुळशीराम