दुरुस्त केलेलं धुकं

वाल्परायसो, ८ जून १९५६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तांब्याचा पत्रा आणि त्यावरून तुम्ही काढलेले छाप काल पोचले. बाबा, काय करून ठेवलंत हे! तुम्हाला फक्त छापायला सांगितलं होतं. बंदराकडे उतरणारा जिना मी चार महिने त्या पत्र्यावर सुईनं रेखत होते. कठड्याच्या रेषा खाली जाता जाता तुटत होत्या, डोलकाठ्यांचे नुसते ठिपके उरले होते. तेच तर धुकं होतं! तुम्ही कोरणीनं प्रत्येक रेषा जोडलीत. आता माझ्या शहरात लख्ख ऊन पडलंय. वीस तारखेला प्रदर्शनात चित्र द्यायचंय, पहिल्यांदाच निवड झालीय. देऊ काय, कपाळ माझं?

लोभ आहेच, पण आज तो मागू नका.
ओतिलिया

सान्तियागो, ११ जून

चि. ओतिलियास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बसिलिसाआत्यानं वाचून दाखवलं, तेही चढ्या आवाजात. अगं, अडतीस वर्षं मी समुद्राचे नकाशे कोरले. किनाऱ्याची रेषा मध्येच सोडली असती तर साहेबानं हाकललं असतं. धुकं हवं होतं तर सांगायचंस! आम्हाला काय स्वप्न पडतं?

इथवर तिच्याकडून लिहून घेतलं. आता आत्या बाजारात गेलीय, म्हणून पुढचं मीच अंदाजानं खरडतोय. सहा महिने झाले, मला नीट दिसत नाही. पत्र्यावर रेषा तुटलेल्या लागल्या तेव्हा वाटलं, साफ करताना मीच घासून घालवल्या. तू ओरडशील म्हणून बोटांनी चाचपत जोडून टाकल्या. कुणाला बोलू नकोस.

राग ओसरला की दोन ओळी लिही.
तुझा बाबा, अनसेल्मो

वाल्परायसो, १४ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सहा महिने! आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीत! धन्य आहे तुमची. शनिवारच्या गाडीनं येतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, नाटकं नकोत. आत्याला मी सगळं कळवलंय, बसा आता बोलणी खात.

प्रदर्शनवाल्यांना चित्र नाही म्हणून लिहिलं. खूप रडले, खोटं कशाला सांगू? मग भिंग घेऊन तुमच्या रेषा पाहिल्या. तुमची कोरणी आजवर कधी घसरली नव्हती, इथं सात ठिकाणी घसरलीय. रागाच्या भरात मला ते दिसलंच नाही. बाबा, किती घाबरला असाल हो तुम्ही.

माया असू द्या, आणि मी येईस्तोवर शेगडीजवळ जाऊ नका.
ओतिलिया