मोगऱ्याचा वास आणि लाल बंपर

मोशी, रविवार

आदरणीय कस्तुराआत्या,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, पप्पांचा खोकला धरून (तोही मजेतच आहे). तुझा गुडघा, तुझं ब्युटी पार्लर आणि समोरच्या टेलरबाईशी चाललेलं भांडण, तिन्ही कशी आहेत? दुपारची बाहेर पडू नकोस. परभणीचं ऊन काय असतं ते मला माहीत आहे, आणि इथलंही काही कमी नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, नेहा, सायकल कधी सोडणार आणि कंपनी तुला कायम कधी करणार? अगं, ही दोन्ही उत्तरं एकमेकांत अशी गुंतलीत की फोनवर सुटली नसती. शिवाय मधे तूही आहेस. तेव्हा आधी पाणी पी, पंखा लाव आणि मग वाच.

मोशीहून निघोज्याच्या कारखान्यापर्यंत कंपनीची बस आहे, नाही कोण म्हणतंय? पण ती हायवेला लागली की उभीच राहते, आणि सायकल कडेकडेने सुटते. प्रश्न पोचण्याचा नव्हता, पोचल्यावर माझं जे काही झालेलं असायचं त्याचा होता. मे महिन्यात इंद्रायणीचा पूल ओलांडेपर्यंत मला पिळून दोरीवर घालावं अशी अवस्था! मी ओला टॉवेल पिशवीत घालून नेला, तर दुसऱ्या दिवशी टॉवेलचा वास माझ्यापेक्षा भारी. मग कंपनीचा गणवेश गुंडाळून डब्याशेजारी ठेवला, तर मटकीची उसळ सांडली आणि अख्खी शिफ्ट मी उसळीच्या वासात काढली. कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी बसणारी पूनम एकेक खुर्ची सरकत हात धुवायच्या बेसिनपर्यंत गेली (मैत्रीण आहे म्हणून तिथे थांबली).

आणि तेवढ्यात तुझं पार्सल आलं. केसांचं सीरम, मोगऱ्याचं! आता तुला सांगायला हवं की मी पेंट शॉपमध्ये ट्रेनी आहे, गाड्यांच्या बंपरांना रंग मारण्याआधी ते पुसून देते. आत डिओ, पावडर, क्रीम लावून जायला सक्त बंदी. त्यातलं सिलिकॉन बंपरला कणभर जरी लागलं तरी ओला रंग तिथून बाजूला पळतो आणि खड्डा पडतो. दारावर तशी पाटीच आहे. (पाटीवर ‘सीरम’ लिहिलेलं नव्हतं. हे मी नंतर साहेबांना सांगितलं. सांगायला नको होतं.)

त्या दिवशी हेल्मेटने चपटे झालेले केस सुधारावेत म्हणून मी सीरम अगदी सढळ हाताने चोपडलं. घामाबरोबर ते केसांतून कपाळावर आलं, कपाळावरून हातमोज्यावर, हातमोज्यावरून बंपरावर. भट्टीतून लाल बंपर बाहेर आले ते कांजिण्या आल्यासारखे! लाइन थांबली. हवेचे पाइप तपासले, फिल्टर काढले, रंगाचा ड्रम बदलला. मीही बॅटरी घेऊन सगळ्यांच्या पुढे चोर शोधत होते. शेवटी शॉपचे प्रमुख मालोजी साहेब माझ्यापाशी येऊन थांबले आणि नाक वर करून म्हणाले, “इथं मोगरा कुठून येतोय?” आत्या, इतके दिवस मी घामाने घमघमत होते तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. जरा चांगला वास आला, आणि पकडले गेले!

केबिनमध्ये मी रडले, खोटं कशाला बोलू. कायम होण्याला महिनाच उरला होता, आणि पप्पांनी संत तुकाराम नगरातल्या जुन्या शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. साहेब म्हणाले, सायकल सोड, नाहीतर पेंट शॉप सोड. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, सर, घाम चालत नाही, सुगंध चालत नाही, बस वेळेवर पोचत नाही, मग मी यायचं तरी कसं? साहेब म्हणाले, आंघोळ करून ये. म्हटलं, करूनच निघते. तर म्हणाले, “मग इथं कर!”

कॅन्टीनच्या मागे एक बंद न्हाणीघर होतं, मोडक्या खुर्च्यांनी भरलेलं. मी आणि पूनमने ते उपसलं. आता सुती कुर्ता घालून उजाडताच निघते, शेवटचा चढ हळूहळू चढते, पोचल्यावर झाडाखाली बसून घाम जिरू देते (लगेच आंघोळ केली की परत घाम येतो, हे ज्ञान माझं स्वतःचं), मग साधं पाणी आणि बिनवासाचा साबण. गणवेश लॉकरमध्येच असतो, उसळीपासून लांब. पूनमनेही सायकल घेतलीय. महिनाभर माझ्या टेबलावरून गेलेल्या एकाही बंपराला खड्डा नाही. आणि शुक्रवारी, आत्या, मी कायम झाले! सायकलसकट! पप्पा दिवसभर खोकलेसुद्धा नाहीत.

तुझी बिनवासाची भाची,
नेहा

ता. क. : सीरमचा राग नाही. रविवारी लावते. आत्ताही लावलंय.

ता. क. २ : पुढच्या महिन्यात कंपनी घरच्यांना पेंट शॉप दाखवणार आहे. माणशी एकच पाहुणा. पप्पांनी शर्टाला इस्त्री करून ठेवली होती, पण मी नाव तुझं दिलंय. मुलीला डिप्लोमाला कशाला घालायचं म्हणून ते अडून बसले तेव्हा परभणीहून येऊन भांडलीस ती तू. मी काय करते ते आधी तू बघायचंस. फक्त पावडर नाही, क्रीम नाही, केसांना काही नाही. दारात साहेब स्वतः वास घेतात. तू पावडर लावल्याशिवाय दूधवाल्यालासुद्धा दार उघडत नाहीस, माहीत आहे मला. पप्पांशी भांडायला आलीस तीही पावडर लावूनच. पण आत्या, माझ्यासाठी एक दिवस नुसतं तोंड धुऊन ये.