चौथ्या मजल्यावरचा वास

८ फेब्रुवारी, रविवार

जागा भाड्याने बघायला आलेले आजचेही गेले! जोडपं चांगलं होतं. बाईने दारातच नाकाला रुमाल लावला. "बोका शिरतो का हो इथे?" एजंट माझ्याकडे असं बघतो, जसं काही मीच कोपऱ्यात बसले होते.

आधीच्या भाडेकरणीला परत फोन केला. "काकू, आमची मनी वाळूतच जायची. आणि तिला आम्ही सोबत आणलंय." खोटारडी. माझंच कपाळ फुटकं, मांजर ठेवायला हो म्हटलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

फरशी घासली. व्हिनेगर, सोडा, लिंबू. हातांची सालं निघाली. दोन दिवस वास जातो, की पुन्हा येऊन ठाण मांडतो. मागची खिडकी लावून गेले होते, आज उघडी. विसरले असेन. हल्ली डोकं ठिकाणावर असतं कुठे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

हे म्हणाले, "देऊन टाक धाकट्याला. तो वासासकट घ्यायला तयार आहे." घेतील नाहीतर काय, निम्म्या भावात मागतायत भावजी! आणि मी शब्द देऊन बसलेय — महिनाअखेर भाडेकरू मिळाला नाही तर सही करीन.

लोकांचे कपडे शिवून शिवून घेतलेली जागा. माझ्या एकटीच्या नावावर एवढं एकच. ती गेली की पुन्हा चपलेसाठीसुद्धा ह्यांच्यापुढे हात पसरायचा. नाही जमणार मला. खरंच नाही जमणार.

म्हटलं, एकदा वर येऊन बघा तरी. "चार जिने? माझे गुडघे बघ आणि मग बोल." रोज सकाळी बागेत फिरायला मात्र जातात. सपाटीवर दुखत नाहीत म्हणे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

कोणी आलं नाही. मशीनवर डोकं ठेवून रडले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

एक वाटी सापडत नाही. माझ्या सगळ्या भांड्यांना बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, कारण जाऊबाईंकडे गेलेलं भांडं परत येत नाही. तिकडेच असणार. आता जागाही तिकडेच जाणार.

२५ फेब्रुवारी, बुधवार

एजंट म्हणतो, "जाहिरातीत टाका, प्राणी चालतील. कुत्रेवाल्यांना कोणी दारात उभं करत नाही, ते वासाला नाक मुरडणार नाहीत." एका मांजराने हे दिवस दाखवले, आता कुत्रा! पण अडला हरी... टाकलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नर्स आली. एकटीच राहते, सोबत म्हातारा, लठ्ठ कुत्रा. मी मनात म्हणत होते, बाई, नको म्हणू नकोस, तूच शेवटची.

कुत्रा सरळ स्वयंपाकघरात. ओट्याखाली डोकं घातलं आणि सिलिंडरमागून एक वाटी ओढून काढली. तळाशी दूध, अजून ताजं. नर्स हसली. "काकू, बोक्याला इथे कोणीतरी रोज दूध घालतंय. मग तो घर आपलंच समजणार की. ते बंद करा, वास जाईल. मला जागा आवडली."

वाटी उलटी केली. बुडाशी लाल ठिपका.

एक किल्ली माझ्या पर्समध्ये असते. दुसरी ह्यांच्याकडे. वाटी पर्समध्ये टाकून घरी आले. पोळ्या केल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

नर्सने आगाऊ भाडं दिलं, उद्या सामान आणतेय. भावजी सहीचे कागद घेऊन जेवायला आले होते. ह्यांच्या ताटात तीच वाटी ठेवली, दूध भरून. म्हटलं, "घ्या. रोज चार जिने चढून दमत असाल."