पांढरा चौकोन

३ मार्च
रुजू झालो! क्वार्टर झकास आहे: दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळाला धो धो पाणी. गाव म्हणजे उजाड माळावर सांडलेली चार घरं. कचेरीत एक हेडक्लार्क आहे, अंगावर शेवाळ यावं इतका जुना. माझं काम दुष्काळाच्या जोखमीचा नकाशा करणं. पाऊस किती, विहिरी किती खोल, माणसं किती गरीब, हे बघून प्रत्येक चौकोनाला हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग द्यायचा. लालला टँकर आधी. विजेचा भरवसा नाही, म्हणून मूळ प्रत अजून जलरंगात हातानं रंगवतात. एवढं शिकून शेवटी हातात कुंचला! बायको आणि चिमी पुढच्या आठवड्यात येतील. चिमीला रंगांची मजा वाटेल.

६ मार्च
गावं हिंडून आलो. एकजात रडे. हे आटलं, ते आटलं. शेत पिकवता येईना, आभाळ वाकडं! यांना विचारत बसलो तर सगळा नकाशा लाल होईल. आता टेबलाशी बसूनच आकडे भरतो. काम झपाझप उरकतं.

९ मार्च
जुन्या नकाशांवर एक गंमत सापडली. माळावरचा एक चौकोन दरवर्षी कोरा. हेडक्लार्कला विचारलं, तर म्हणाला, साहेब, ती दुष्काळाची जागा. त्याला राहायला एक चौकोन मोकळा सोडायचा, म्हणजे तो लोकांच्या घरात शिरत नाही. कप्पाळ! सरकार यांना पगार कशाचा देतं? आजूबाजूच्या चौकोनांची सरासरी काढली आणि दिला लाल भरून. म्हातारा पांढराफटक पडला. ज्यानं भरला त्यालाच पुसावा लागेल, आत्ताच ओलं फडकं फिरवा, म्हणून गयावया करू लागला. मी पोटभर हसलो.

१२ मार्च
आमचा नळ बंद. शेजारी चालू. प्लंबर म्हणतो, पाणी तोंडापर्यंत येतंय, बाहेर पडत नाही. अक्कल गहाण ठेवलेला माणूस! साबणाला तडे गेलेत. स्वयंपाकघरात कुणीतरी एकेक भांडं उचलून बघतंय असं वाटलं. उंदीर असणार.

१५ मार्च
बायको आणि चिमी आल्या. शेजारीणबाईंनी कळशी भरून दिली. मी घरात आणेपर्यंत रिकामी. बायको म्हणाली, सांडली असणार, तुमचा वेंधळेपणा काही नवा नाही. पण फरशी खडखडीत कोरडी होती. चिमी सांगते, स्वयंपाकघरात एक काका बसलेत, त्यांना खूप तहान लागलीय. पोरीला नसते लाड भोवतायत.

१६ मार्च
चिमीचे ओठ फुटलेत. दूध दिलं तर पेल्यात नुसती भुकटी. दवाखान्यात नेलं. सलाईनची बाटली लावता लावता संपली. डॉक्टर बाटलीकडेच बघत बसला, गाढव. चिमी म्हणाली, काका पण आपल्याबरोबर आलेत.
मला भीती वाटतेय. लिहून टाकलं.

१७ मार्च
कचेरीत धावलो. ओलं फडकं हातात घेतलं की वाळतं — म्हाताऱ्याला पुसायला लावलं, त्याच्या हातानं रंग हलत नाही. मी त्याच्या पाया पडलो. मी! त्या शेवाळाच्या!
ब्लेडनं खरवडला. खालचा कागदही लाल —
थुंकायला गेलो. तोंडात काहीच नाही.

संध्याकाळ
पेन वाळलं. पेन्सिल. नकाशा घरी आणलाय. एक थेंब हवा, एकच. बायको रडतेय, डोळे कोरडे —
चिमीच्या डोळ्यांत अजून थोडी ओल आहे. नकाशा तिच्या गालाखाली धरला. गोष्ट सांगितली. रागावलो. शेवटी चिमटा काढला, बायको ओरडली — आणखी जोरात —
आला. पापणीवर. थरथरतोय —
काका तिच्यावर वाकलेत. आता मलाही दिसतात. तोंड उघडं —
पड ना, चिमे, पड म्हण त्याला, आधी कागदाव—