पुढच्या बोकडाचा आकडा

६ जाने.
पॅकेज बांधून झालं. पहिल्या फटक्यात नाही, अकराव्या. आमच्या शेळीपैदास केंद्रातून निवृत्त झालेल्या सरांचा फोरट्रान प्रोग्राम चाळीस वर्षांचा. करडांची उपजतानाची वजनं घालायची, पैदाशीला कोणता बोकड चांगला ते तो सांगतो. आजवर त्याच्यासाठी केंद्रात एक जुनं मशीन जपून ठेवलेलं. आता आर ही आकडेमोडीची संगणकभाषा उघडा, एक ओळ टाका, आत सरांचाच प्रोग्राम पळतो. मधला पूल माझा, सी या दुसऱ्या संगणकभाषेत लिहिलेला. तपासणी: एरर ०, वॉर्निंग ०.
सरांना परंड्याला फोन.
"माझी एकही ओळ बदलली नाहीस ना?"
"नाही सर."
"मग बरोबरच येणार."
मलाही तेच वाटतं.

९ जाने.
येडशीजवळच्या वस्तीवर शेळीवाल्यांपुढं बोकडांची क्रमवार यादी वाचली. एकतीस बोकड. पहिला, कानातला बिल्ला नं. १६. कालिंदामावशींचा १७ चोविसावा. मावशी सगळ्यांदेखत उठल्या. "ताई, सोळाची करडं म्या बघितल्यात. उपजताना घुशीएवढी. त्यो पहिला कसा काय?"
म्हटलं, मावशी, कॉम्प्युटरनं चारशे करडांची वजनं बघितलीत.
"त्यानं बघितली आसतील. म्या हातात धरल्यात."
लोक हसले. माझा आवाज चढला. नको होता चढायला.

१० जाने.
राग उतरल्यावर वाटलं, बघू तरी. सोळाच्या करडांची वजनं वहीतून काढली, हातानं सरासरी केली.
घुशीएवढी.

११ जाने., रवि.
केंद्रात एकटीच. जुनं मशीन सुरू केलं, तीच वजनं घातली. पहिला आला १७. आधी मशीनवरच संशय घेतला, अर्धा तास त्यात गेला. मग माझाच पूल ओळीनं वाचत बसले आणि दिसलं. आर मोजतं एकपासून, सी मोजतं शून्यापासून. एक वजा करायचा राहिला. त्यामुळं प्रत्येक बोकडाला पुढच्याचा आकडा. सतराचा सोळाला, अठराचा सतराला, आणि शेवटच्याला यादीबाहेरचा कसलातरी कचरा. चाचणीत आकडे येतात का एवढंच बघितलं होतं मी. कुणाचा कुणाला लागतो, ते नाही.
दुरुस्ती दोन मिनिटांची. नवी चाचणी लिहायला मात्र संध्याकाळ झाली: जुन्या मशीनचं उत्तर शेजारी, एकेक बिल्ला जुळला पाहिजे. एकतीसपैकी एकतीस. आता हे पॅकेज मी कुणाहीपुढं ठेवीन.

१२ जाने.
सरांना सांगितलं. म्हणाले, "चूक कुणाची ते पॅकेजच्या नव्या आवृत्तीच्या नोंदीत लिही. आणि त्या बाईंना जाऊन सांग, फोनवर नको."
दोन्ही करणारच होते. तरी त्यांनी सांगितलं ते बरं वाटलं.

१५ जाने.
पुन्हा वस्तीवर. उभी राहून सांगितलं: यादी चुकली, चूक माझी, सापडली ती मावशींमुळं. सोळाचे मालक चहा न घेताच उठून गेले. त्यांचं तरी काय चुकलं?
मावशींना विचारलं, सतरा केंद्राला पैदाशीला द्याल का?
"आता म्या देत न्हाय. परवा चोविसावा, आज पहिला. उंद्या कितवा?"
"उद्याही पहिलाच."
"लई खात्री हाय?"
"व्हय."
माझ्या तोंडून व्हय ऐकून हसल्या पहिल्यांदा. त्यांची एक शेळी सतरापासून गाभण आहे, पंधरा दिवसांत विणार. म्हणाल्या, करडांच्या वजनाचा आकडा आधी लिहून द्या, मग तोलू, जुळला तर सतराचं बघू. एका वेतावरून काही सिद्ध होत नाही मावशी, मी सांगितलं.
"तुमचं होत नसंल. माझं हुतं."
तिथंच लॅपटॉप उघडला, पॅकेज चालवलं. चिठ्ठीवर लिहिलं: जुळं झालं तर प्रत्येकी २.६ किलोच्या आसपास. खाली सही.

२९ जाने.
सकाळी आठला फोन. "विऊ लागलीया. एक आलंय, दुसरं हाय पोटात. तुमचाच काटा आणा, मागनं माझ्या काट्याला नाव ठिवाल."
"पहिलं केवढं आहे?"
"म्या सांगत न्हाय. या."
ताणकाटा पिशवीत टाकून निघाले. एसटीत लिहितेय, अक्षर वाकडं. शेजारच्या आजी काटा बघून विचारतात, भंगार घेता का बाई?
येडशीचा फाटा आला. मावशींचा पुन्हा फोन, उचलेपर्यंत बंद. दुसरंही आलं असणार. उतरते.