घरात आणखी कोण खातं?

पोलादपूर,
ता. १९ नोव्हेंबर १९७८

ती. सौ. आवडीआक्का हिला मंजूचा सप्रेम जयभीम.

तुझं कार्ड मिळालं. भाऊजींचा खोकला उतरला हे वाचून बरं वाटलं. आम्ही इकडे खुशाल आहोत. भाताची झोडणी उरकली, पेंढा रचून झाला. ह्यांना महाड डेपोने आता पोलादपूरच्याच एसटीवर घेतलंय, त्यामुळे दुपारी जेवायला घरी येतात. सासूबाईंचे गुडघे धरलेत, तरी शेळ्या घेऊन माळावर जाणं काही सोडत नाहीत.

माझी शाळा ठीक चालली आहे. कापणी संपली तशी वरच्या वाडीतली पोरं पुन्हा येऊ लागलीत.

एक काम होतं. कोणी गावाकडे येणारं असलं तर त्याच्याबरोबर पाटीवरच्या पेन्सिलींचा एक डबा पाठव. पांढऱ्या, मऊ असतात त्या. इथल्या दुकानात काळ्या मिळतात, त्या नुसत्या करकरतात. शाळेतली पोरं फार मोडतात गं. मोठा डबा मिळाला तर मोठाच घे.

सुगी आता चार वर्षांची होईल. बडबड पुष्कळ करते, पण हल्ली खेळता खेळता मधेच खाली बसते. चेहरा पिवळट दिसतो. सासूबाई म्हणतात नजर लागली. मीही तेच म्हणते.

माझं विचारलंस. मी बरी आहे. शाळेचा चढ चढताना दम लागतो, तो कोणाला लागत नाही? जेवणाचं म्हणशील तर सगळ्यांची पानं झाली की उरेल ते घेते. कधी चहावर भागतं. भूकच नसते फारशी.

मुलांना गोड पापा.

तुझी,
मंजू


पोलादपूर,
ता. २१ जानेवारी १९७९

ती. सौ. आक्का हिला सप्रेम जयभीम.

डबा पोचला. नाथूकाकांनी घरी आणून दिला. तुझे उपकार.

लिहायला उशीर झाला, कारण सुगीचं दुखणं. पौषात तिचं पोट एकदम फुगलं. हातपाय काड्यांसारखे आणि पोट तेवढं पुढे. एक दिवस सासूबाईंनी तिला पडवीच्या भिंतीशी पकडलं. भिंतीचा पोपडा काढून खात होती. तोंड उघडून बघितलं तर जीभ मातीनं भरलेली. सासूबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून स्वतःच रडत बसल्या.

ह्यांनी गाडीतूनच आम्हाला महाडला नेलं. डॉक्टर वयानं मोठे आहेत, बोलणं सावकाश. त्यांनी सुगीची नखं पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली. म्हणाले, जंत आहेत आणि रक्त अगदी कमी आहे. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "घरात आणखी कोण खातं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

औषध दिलं. जंत पडले. पोट थोडं उतरलं, पण माती सुटली नाही. आता सासूबाई तिच्या हातांना फडकं बांधून ठेवतात. तेही ती दातांनी सोडवते. काल सासूबाई म्हणाल्या, "ह्याला औषध नाय गो. माझ्या भावाला अशीच माती लागलेली, बेंबीपाशी डाग दिला तवा सुटली. विठाबायला बोलवू." हे उठून गाडीवर गेले. मी शाळेत गेले.

कुणाचं बघून शिकली कोण जाणे. वाडीतली पोरं काय नाही ते खात असतात.

माझी काळजी करू नकोस. मला दिवस आहेत. एवढ्यात कोणाला सांगितलेलं नाही, भाऊजींनाही सांगू नकोस.

तुझी,
मंजू


पोलादपूर,
ता. ११ मार्च १९७९

माझ्या आक्कास,

आज खुशाली विचारत नाही आणि सांगतही नाही. जे झालं तेवढंच लिहिते. शाळेला सुट्टी आहे, सुगी सासूबाईंबरोबर शेळ्यांकडे गेली आहे, घरात कोणी नाही.

विठाबाई फेब्रुवारीत एका सकाळी आली. तुला ती आठवणार नाही, आमच्या वाडीत पोरांना डाग देते, कोणी बोलावलं की येते, काही मागत नाही. चुलीत विळा घातला. सासूबाईंनी सुगीला मांडीवर आडवं घेतलं आणि झबलं वर केलं.  मी उंबऱ्यात उभी होते.

सुगी रडत नव्हती. तिला वाटत होतं, पोटाला तेल लावणार आहेत. मग विळा लाल झालेला दिसला आणि तिनं सासूबाईंचा पदर घट्ट धरला.

सासूबाईंनी विचारलं, "सांग गो बाय, कोणी शिकवलं तुला? नाव सांग, मंग डाग नाय देनार."

सुगीनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं, ओठ आत ओढून. चार वर्षांची पोर, आक्का. तिला सगळं ठाऊक होतं. मी कणगीमागे जाऊन काय करते, ते तिनं किती वेळा पाहिलं असेल, मला कधी कळलंही नाही. आणि तिला एवढंही ठाऊक होतं की ते सांगायचं नसतं.

मी म्हटलं, "तिला सोडा."

विठाबाई म्हणाली, "आईनं भायेर जावं. आईचं काळीज धजत नाय."

मी आत गेले. त्यांना वाटलं, मला बघवत नाही म्हणून गेले. मी कणगीमागून तू पाठवलेला डबा काढला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ओतला. निम्म्याहून जास्त संपला होता. एक पेन्सिल उचलली, तोंडात घातली आणि चावली. त्याचा आवाज कसा होतो, ते मी तोवर कधी दुसऱ्याच्या कानांनी ऐकलं नव्हतं.

"माझं बघून शिकली ती," मी म्हटलं. "डाग द्यायचा तर आधी मला द्या."

 विठाबाईनं विळा बाहेर काढून राखेत ठेवला, पदर सावरला आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत वाडीला कळलं, मास्तरीण माती खाते.

सासूबाईंनी सुगीचं झबलं खाली केलं. बराच वेळ तिच्या पोटावर हात फिरवत राहिल्या. मग विचारलं, "कवापासून?"

मी सांगितलं. लग्नाआधीपासून. मधे सुटलं होतं. सुगीच्या वेळी पुन्हा लागलं, ते सुटलंच नाही. आधी चुलीच्या कडेची भाजकी माती, मग शाळेतले खडू, मग पेन्सिली. पेन्सिली बऱ्या, कोणाला संशय येत नाही.

"आन् आता पोटात हाय त्याच्यावर बी?"

मी त्यांना दिवसांबद्दल सांगितलं नव्हतं. त्यांनी ते आधीच ओळखलं होतं.

हे दुपारी आले. सासूबाईंनीच त्यांना सांगितलं. ताट समोर होतं, त्याला हात लावला नाही. म्हणाले, "सुगीला अक्षरं शिकवायला म्हणून मी पेन्सिली आणल्या होत्या महाडहून. त्या पण?" मी मान हलवली. ते तसेच उठले. दुसऱ्या दिवशी महाडला जाताना गाडीत मला तिकीट दिलं तेही न बघता. लोक "त्यानं माती खाल्ली" असं सहज म्हणतात ना, कोणाचं काम फसलं की? त्या गाडीत कोणीतरी कोणाबद्दल तसं बोललं आणि मागे बसलेले हसले. ह्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं.

डॉक्टरांनी माझीही पापणी ओढून पाहिली. म्हणाले, "बाई, मुलीआधी तुम्हाला आणायला हवं होतं." ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. अंगात रक्त कमी झालं की मातीची वासना होते. माती पोटात गेली की भूक मरते. भूक मेली की रक्त आणखी कमी. हे असं फिरत राहतं. गोळ्या लिहून दिल्या, जंतांचं औषध दिलं, ह्यांना आत बोलावून म्हणाले, "ह्या घरात शेवटी कोण जेवतं?"  ह्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

परत येताना ह्यांनी महाडच्या बाजारात काळीज घेतलं. पिशवी माझ्या हातात न देता स्वतः धरून बसले. 

त्या संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्यांची ताटं एकदम मांडली. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी वाढते. म्हणाल्या, "गप बस. मी बी जल्मभर मागनंच खाल्लं. माझी सासू बी तसंच. कोणी सांगितलं व्हतं आमाला, कोण जानं." नाचणीची भाकर, शेवग्याच्या पाल्याची भाजी, काळीज. घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना. सगळ्यांसमोर बसून पोटभर जेवायची मला लाज वाटत होती, आक्का. चोरून पेन्सिल खायची कधी वाटली नाही, ती जेवायची वाटली.

तुला वाटेल, मग सुटलं. नाही सुटलं. गोळ्यांनी मळमळतं. पोट जड राहतं. फुटाणे, भाजलेले कुळीथ, काहीबाही चावत राहते, पण ते दाताखाली वेगळं लागतं. गेल्या आठवड्यात बायांनी शाळेची जमीन सारवली. ओल्या मातीचा वास सुटला आणि माझ्या तोंडाला पाणी आलं. पोरं पाढे म्हणत होती. मी मागच्या बाजूला गेले आणि भिंतीची माती खाल्ली. भानावर आले तेव्हा नखं भरलेली होती.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्या हातावर पाणी ओतलं आणि ताट वाढलं.

सुगी रोज विचारते, "आई, आज खाल्लीस?" मी खरं ते सांगते. मग तीही तिचं सांगते. बहुतेक दिवशी दोघींचंही "नाही" असतं. हे ऐकत असतात. काल पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विचारलं, "गोळी घेतलीस?"

आता जे लिहायचं टाळत होते ते.

डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या आईला ही सवय होती का? मी म्हटलं, आई माझ्या लहानपणीच गेली, बाळंतपणात. त्यांनी विचारलं, कशानं? मी म्हटलं, माहीत नाही. पण मला माहीत आहे आणि तुलाही. माहेरच्या ओढ्यावरून पांढरी माती आपणच आणून द्यायचो तिला. तू खणायचीस, मी ओच्यात धरायची. ती पदराच्या गाठीत ठेवायची. आपल्याला भात वाढून झाला की पाठ फिरवून बसायची आणि आपल्याला वाटायचं, जेवते आहे. ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या बाहेरचं काहीतरी लागलं. तिची नखं आठव, ओठ आठव. कागदासारखे पांढरे. रक्तच नव्हतं तिच्यात, म्हणून बाळंतपणात गेलेलं भरून आलं नाही. ह्यात आपला दोष नव्हता, आपण पोरी होतो. पण आपण दोघी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

आता तुझं विचारते. तुझी दोन बाळं पोटातच गेली. आपल्या नशिबाचंच असं, म्हणून मी तुझ्याबरोबर रडले. तू खातेस का, आक्का? मला लिहू नकोस, लिहिताना माणूस खोटं बोलतं. मी दोन पत्रांत बोललेच.

जूनमध्ये माझे दिवस भरतील. डॉक्टर म्हणतात, घरी नाही, महाडच्या दवाखान्यात करायचं आणि रक्त द्यायची वेळ आली तर रक्ताच्या नात्यातलं कोणी जवळ असलेलं बरं. ह्यांचं जुळत नाही. तू मे महिन्यात ये. तुझं रक्त तपासू. जुळलं तर मला दे. आणि तुझ्यातही नाही असं निघालं, तर मला देऊ नकोस. इथेच रहा, आमच्या पंगतीला बस. सासूबाई तुझंही ताट मांडतील, त्यांना मी सांगून ठेवलं आहे.

भाऊजींना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांगितलंस तरी चालेल. वाडीभर झालंच आहे.

अजून पुरती न सुटलेली,
तुझी मंजू