मुराळी देवगिरीला जातो

ता. २३ जुलै १९३८, शनिवार. हट्टा.

देवगिरीचा प्रोग्रॅम पक्का. यादवांची राजधानी! इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला हट्ट्यात मी एकटा, आणि त्यानंच राजधानी पाहिलेली नाही ही गावाची नाचक्की आहे. नवी वही आणली. दोन पेन्सिली. मापं घ्यायला दोरी. येत्या नागपंचमीला चावडीवर माझं व्याख्यान, असं मी जाहीर करून टाकलं आहे.

जाता जाता पारूलाही पंचमीला घेऊन येईन. पारूच्या आईचं म्हणणं उलटं. तुमी मुराळी म्हणून चाललात, लेकीला आणायला, किल्ला जमला तर बघा, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. तिला हिस्टरीची आवड नाही.

पारू एकुलती एक. दोन वर्षांमागं देवगिरीच्या पायथ्याशी दिली. रिवाजाप्रमाणं मी घर बघायला जाणार होतो, पण राजधानीतलं घर काय बघायचं? मध्यस्थानं सांगितलं, पोरगं किल्ल्यावर कामाला आहे. एवढं पुरे झालं. पारूची आई नको नको म्हणत होती. मी म्हणालो, पोरगी राजधानीत पडते आहे, गप्प बस.

तेव्हापासून पारू माहेरी आलेली नाही. गेल्या पंचमीला मला पडसं होतं. दिवाळीला काय होतं ते आठवत नाही, पण काहीतरी होतं.

शेजारची सखुबाई वेरूळला जाऊन आली, वाटेत पारूला भेटली. ती सांगून राहिली, लेकरू लई वाळलं, नुसती हाडं ऱ्हायली. सखुबाईला दिसत कमी.

ता. २५ जुलै, सोमवार. रेल्वेत.

पहाटे बैलगाडीनं वसमत, तिथून पूर्णा, पूर्ण्याला गाडी बदलली. निघताना पारूच्या आईनं तीन वेळा बजावलं की रिकाम्या हातानं येऊ नका. लिंबाला पारूसाठी झोका बांधते म्हणाली.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आमचा नेम. आमच्या वडलांनी पाळला, मीही पाळणार. म्हणून चंबू भरून बरोबर. दशम्या दोन गाठोड्यांत: सात माझ्या, सात पारूच्या. पारूच्या तीळ लावलेल्या.

परभणीपर्यंत माझ्या संपल्या. डब्यातल्या लोकांना यादवांची हिस्टरी सांगितली, त्यात भूक फार लागते.

जालना. हवा दमट. पारूच्या दशम्या खराब होतील असं वाटलं. तीळ छान भाजले होते.

ता. २६ जुलै, मंगळवार. सकाळी ८. दौलताबाद.

पोचलो. राजधानी कुठे आहे म्हणून विचारलं तर ज्याला विचारलं तो म्हणाला, हीच की, तुमी हुबे हाव तिथंच. तीस-चाळीस घरं, निवडुंग, शेळ्या. सध्या वस्ती थोडी विरळ आहे. मात्र किल्ला फर्स्ट क्लास.

व्याही सोनाजी भला माणूस, पण कमी ऐकतो. जावई रामकिशन थंडीतापानं कांबळ्यात गुंडाळलेला. त्याच्या कामाचा खुलासा झाला. किल्ल्यात अंधारी नावाची काळोखी वाट आहे, तिच्यातून पाहुण्यांना मशाल धरून न्यायचं. म्हणजे प्रकाशखातं. तो आजारी पडल्यापासून मशाल घेऊन पारू जाते असं कळलं. राजधानीत बायकाही पुढारलेल्या.

पारू पाया पडली. डोक्यावर पदर होता, चेहरा नीट दिसला नाही. बोचकं तिनं कालच बांधून ठेवलं आहे. शिस्त चांगली.

विहीणबाई गोजरबाई. फार स्पष्ट. त्या म्हणाल्या, न्यायची आसंल तर आजच पाचच्या गाडीनं न्या. उद्या बुधवार हाय, वर आवस बी हाय, उद्या सून म्हायेरी पाठवीत न्हाई. बेस्तरवारी माजी लेक पंचमीला येऊन राहिली, मग घरात रांधायला कोन? काय करायचं ते आज करा.

मी म्हणालो, बराबर आहे. पाचला भरपूर टाइम आहे. आल्या आल्या लेकीला उचलून पळणं आपल्या घराण्याला शोभत नाही. किल्ला दोन तासांचं काम. पारू काहीतरी म्हणत होती. नंतर ऐकू.

सकाळी १०.

चांद मिनार. मोजला नाही, वर बघून मान दुखली. मेंढा तोफ: साडेतीन दोऱ्या. पुन्हा मोजली: तीन दोऱ्या. दोरी ओली होऊन ताणली असावी.

पायऱ्या मोजत चाललो आहे. शेवाळ फार.

दुपारी १२.

तहान. चंबू व्याह्याच्या ओट्यावर राहिला. खंदकाचं पाणी हिरवं आहे. हरकत नाही. राजेलोकांनी इथं महिने महिने वेढे सोसले.

पायऱ्यांचा आकडा विसरलो. खाली जाऊन पुन्हा सुरुवात केली. एकदा हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

दुपारी २ असावेत. अंधारीच्या तोंडाशी.

एक म्हातारा मशाल घेऊन येतो म्हणाला, आत एकट्यानं जाऊ नका, मोठे मोठे चुकले. त्याला परत पाठवलं. ज्याला हिस्टरी तोंडपाठ आहे त्याला मशाल कशाला?

नंतर.

हे बाहेर आल्यावर लिहितो आहे.

आत काळोख आहे. नावच अंधारी असल्यामुळं याची कल्पना होती. चार वळणं बराबर घेतली. पाचव्या वळणाला भिंत आली. मागं वळलो, तिकडंही भिंत. वटवाघळं. घाण वास. टोपी पडली, सापडली नाही. मी खाली बसलो. घाबरलो नव्हतो. बसलो ते चढामुळं.

किती वेळ गेला माहीत नाही. घसा इतका कोरडा पडला की हाक फुटेना.

मग उजेड आला. मशाल घेऊन पारू. काखेत बोचकं, हातात माझा चंबू. म्हाताऱ्यानं खाली जाऊन सांगितलं होतं. ती म्हणाली, आण्णा, गाडीचा टाइम होऊन राहिला, चला. मग म्हणाली, आधी पानी प्या. मी विचारलं, कुठलं? ती म्हणाली, आमच्या आडाचं. मी म्हणालो, नेम आहे, तुझ्या घरचं घेता येत नाही.

तिनं मशाल दगडावर उलटी दाबून विझवली. अंधारात म्हणाली, आता कुनी बघत न्हाई, तुमी बी न्हाई. प्या.

प्यालो. सगळा चंबू.

तिनं काडी ओढून मशाल पुन्हा पेटवली आणि पुढं चालली. वरच्या तोंडातून आम्ही उजेडात आलो. तिथून बारादरी अगदी जवळ दिसत होती. पारू म्हणाली, आण्णा, परत फिरा, उशीर व्हईल, मी पाया पडते. मी म्हणालो, बस दहा मिनिटं. इथवर येऊन राजाची बसायची जागा पाहिली नाही तर चावडीवर काय सांगू? ती अंधारीच्या तोंडाशी बोचकं मांडीवर घेऊन बसली.

बारादरीत वारा उत्तम. पाच मिनिटं पाठ टेकली.

शिट्टीनं जाग आली. बारादरीतून स्टेशनच्या बाजूचा व्ह्यू फार सुंदर आहे. गाडी निघताना स्वच्छ दिसते. शेवटच्या डब्यापर्यंत.

ता. २७ जुलै, बुधवार. अमावस्या.

मारुतीच्या देवळात मुक्काम. फुटाणे. व्याह्याच्या घरचं जेवण घ्यायचं नाही, नेम म्हणजे नेम.

आज गोजरबाईंशी ठाम बोलणार. सकाळी गेलो. त्या दिवे घासत होत्या. त्यांनी वर बघितलं. मी म्हणालो, पाऊस कसा काय?

पायऱ्या चढताना आणि उतरताना वेगळ्या भरल्या आहेत, एकोणीसचा फरक. हा घोळ मिटवायला पुन्हा वर गेलो. दिवस त्यातच गेला. आता फरक सत्तावीस.

संध्याकाळी परतताना पारू आडावर दिसली. लांब होती. मी काठी हलवली. तिनं बघितलं नसावं.

ता. २८ जुलै, गुरुवार.

पारूची नणंद आली. बरोबर तीन लेकरं. घरात फार गडबड. मी ठरवल्याप्रमाणं बोललो. गोजरबाई म्हणाल्या, व्याहीबुवा, म्या मंगळवारी सांगितलं व्हतं का न्हाई? सोनाजीलासुद्धा हे ऐकू गेलं. मी म्हणालो, व्हय, सांगितलं होतं. दिवाळीला नक्की येतो. त्या म्हणाल्या, या. एकूण बोलणी खेळीमेळीत झाली.

निघताना पारू दारात आली नाही. दारातून आतली खुंटी दिसत होती. बोचकं सोडलेलं होतं, लुगडं परत खुंटीवर. रामकिशन कांबळ्यातून म्हणाला, मामा, थोडं अगुदर उतरायचं व्हतं. तापात माणूस काहीही बोलतो.

संकल्प: दिवाळीला धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधीच निघणे. किल्ला न बघणे.

ता. ३० जुलै, शनिवार. हट्टा.

काल पोचलो. पारूची आई गाडीच्या आवाजानं धावत बाहेर आली. गाडीत मागं कुणी आहे का ते बघितलं. मग बैल सोडायला लागली. मी सांगितलं की बुधवार आला, अमावस्या आली, माणूस पंचांगापुढं काय करणार. कालपासून ती माझ्याशी बोललेली नाही.

व्याख्यानाचे मुद्दे काढले. अकरा झाले.

ता. १ ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी.

व्याख्यान झालं नाही. चावडीवर चार जण आले होते. पहिला मुद्दा सांगायच्या आत एकानं विचारलं, काहो व्यंकटराव, पारू आली न्हाई? मग बाकीच्यांनीही तेच विचारलं. मी डोकं दुखतं म्हणून उठून आलो.

दाराशी लिंबाला झोका होता. शेजारच्या पोरी विचारायला आल्या, काकू, आमी बसावं का. पारूची आई म्हणाली, बसा. आणि आत गेली.

दुपारी चुलीपुढून ती तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. माझ्याकडं न बघता विचारलं, खरंच वाळली का वं पोरगी?

मी वही काढली. पानं उलटली. तोफेची लांबी आहे. खंदक आहे. पायऱ्या तीन प्रकारच्या आहेत. पारू कशी आहे यावर एकच ओळ आहे की शिस्त चांगली. ओट्यावर पदर होता, आडावर लांब होती, अंधारीत काळोख होता, आणि वर उजेडात आलो तेव्हा मी बारादरीकडं बघत होतो. तीन दिवस होतो तिथं, पण पोरीकडं बघितलंच नाही.

मला रडू आलं. वही मिटून ठेवली.

मग तिला पाण्याचं सांगितलं. नेम मोडला तेही सांगितलं. चंबू घेताना अंधारात पारूचं मनगट माझ्या मुठीत आलं. माझा अंगठा आणि बोट जुळून मधे जागा राहिली, आणि तिच्या बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या, तो आवाज आला. हे मला तेव्हाच कळलं होतं. वहीत लिहिलं नव्हतं. आता लिहिलं.

पारूच्या आईनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. पोरी घरी गेल्यावर तिनं झोका सोडून आणला.